अकरा आठवड्यांचा ढग

१

टाकीमागच्या वस्तीतल्या शिंप्याची एकोणीस वर्षांची मुलगी डासांच्या तापानं गेली, त्या दिवशी आरोग्य खात्याच्या नकाशावर ती वस्ती शहरातली सगळ्यात निरोगी वस्ती होती. अगदी हिरवीगार! नकाशावर हिरवा रंग म्हणजे बिनघोर झोपा, पिवळा म्हणजे जरा जपून, आणि लाल म्हणजे उद्या सकाळी फवारणीची गाडी पाठवा.

हा नकाशा खात्याचा मोठा लाडका. दर पाच दिवसांनी सकाळी साडेदहाच्या सुमारास एक उपग्रह शहरावरून जायचा. खाली पाणी कुठं साचलंय, ओल कुठं आहे, जमीन किती तापलीय, हे तो वरूनच टिपायचा. त्यावरून कुठं डास वाढतील याचा अंदाज बांधून शहराच्या प्रत्येक चौकोनाला शंभरपैकी एक आकडा मिळायचा. एका चौकोनात एखादं बऱ्यापैकी घर मावेल, एवढा तो बारीक. साठच्या वर आकडा गेला की चौकोन लाल व्हायचा आणि सोमवारच्या यादीत चढायचा.

टाकीमागच्या वस्तीतले चौकोन काही चढले नाहीत. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकेचाळीस तापकरी मोजले, तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर गेलं : 'नकाशानुसार आपला भाग सुरक्षित आहे.' मग मुलगी गेली, आणि कुणीतरी जुन्या याद्या उघडल्या. वस्तीचा आकडा अकरा आठवडे बाराच होता. अकरा नाही, तेरा नाही, बारा.

"जिवंत आकडा हलतो हो काका," विभागप्रमुख साहेब म्हणाले. "हा हलतच नाही. म्हणजे कुणीतरी बसल्या बसल्या हातानं ठोकून दिलाय."

समोर बसलेले काका म्हणजे खात्याचे सर्वांत जुने आरोग्य निरीक्षक. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. सगळं खातं त्यांना चुनेकाका म्हणे. त्याचं कारण साधं होतं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काका भर दुपारी दुसऱ्यांच्या दारी पाणी वाटत फिरत असताना इकडे त्यांच्या घरी, पत्र्याच्या छपराखाली, त्यांची बायको उष्माघातानं गेली. काका संध्याकाळी पोचले. तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला, की गरिबांची छपरं चुन्यानं पांढरी करा म्हणजे ऊन परतेल. वर्षभर साहेबांच्या दाराशी बसून त्यांनी मंजुरी काढली. बायको गेल्याला वर्ष झालं त्याच दिवशी, चौदा तारखेला, टाकीमागच्या वस्तीत पहिल्या छपरावर पहिला कुंचला फिरवला तो काकांनीच. चार दिवसांत सातशे छपरं झाली. लोकांनी थट्टेनं नाव ठेवलं, पण त्या नावात माया होती, आणि काकांच्या आयुष्यात मायेचं एवढंच काय ते उरलं होतं.

"वस्तीचा तुमच्यावर विश्वास आहे. चौकशी तुम्हीच करा," साहेब म्हणाले. "शुक्रवारी समिती बसतेय. दोन पानं पुरे."

"आणि संशय कुणावर?"

साहेबांनी वर छताकडे बोट दाखवलं. "नकाशाच्या खोलीत एकच माणूस बसतं, काका."

२

चौतीस वर्षांच्या नोकरीत काका त्या मजल्यावर कधी गेले नव्हते. व्हरांड्याच्या टोकाला, मोडक्या कपाटांच्या पलीकडे एक दार होतं. त्यावर पाटीही नव्हती. आत दोन पडदे, एक बंद खिडकी आणि त्यांच्यामध्ये जेमतेम पंचविशीची एक मुलगी. दुसऱ्या खुर्चीवर फायलींचा ढीग होता. तो तिनं घाईघाईनं जमिनीवर उतरवला.

"बसा ना सर. म्हणजे... सवय नाही मला. सात महिन्यांत या खुर्चीवर बसणारे तुम्ही पहिलेच."

काकांना हसू आलं नाही. त्यांच्या घरातही एक खुर्ची अशीच होती, तिच्यावर ते धुतलेले कपडे ठेवत.

खात्यातले लोक तिला नकाशावाली म्हणायचे, म्हणजे कधी तिचा विषय निघालाच तर. दूरच्या शहरातून ती कंत्राटावर आली होती. डबा पडद्यासमोरच खायची, आणि रोज संध्याकाळी वडिलांना फोन करून 'मजेत आहे' असं सांगायची.

"आकडा तू लिहिलास?" काकांनी आडपडदा न ठेवता विचारलं.

"नाही. आकडे आपोआप येतात. हे बघा." तिनं वस्तीची ओळ काढली. "ढग असला की उपग्रहाला खालचं दिसत नाही. मग नियम असा आहे की मागच्या खेपेचा आकडा पुढं ओढायचा. ढग गेला की नवा आकडा बसतो. इथं दर खेपेला ढग लिहिलंय. म्हणून बारा तसाच पुढं आलाय."

"अकरा आठवडे ढग?"

"तसंच आलंय."

"नवल नाही वाटलं तुला?"

तिनं मान खाली घातली. "चाळीस लाख चौकोन आहेत, सर. यादीत लाल तेवढे वर येतात, तेच मी तपासते. हिरव्याकडे कुणी बघत नाही. मीही नाही बघितलं."

"पण हा ढग आहे, हे ठरवतं कोण?"

"यंत्र. वरून जे लख्ख उजळ दिसतं आणि आजूबाजूपेक्षा गार असतं, त्याला ते ढग समजतं. ती चाळणी मुख्य केंद्रातच लागते. इथं चित्र येत नाही, नुसते आकडे येतात. चित्र हवं तर अर्ज करावा लागतो, तीनचार दिवस लागतात."

"मग कर अर्ज."

"केलाय. ती गेल्याचं कळलं त्याच दिवशी." मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, ती मुलगी कशी होती हो? ती गेल्यापासून मी तिच्या घराचा चौकोन इतक्यांदा बघितलाय, पण दार कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा मला माहीत नाही."

काकांनी उगाच वहीत काहीतरी खरडलं.

निघताना ती म्हणाली, "एक गंमत आहे बघा. म्हणजे गंमत नाही, पण... ढग सगळ्या वस्तीवर आहे, फक्त टोकाचे तीन चौकोन सोडून. तिथं आकडा हलतो. पाच आठवड्यांपूर्वी तिथं एकदम ब्याऐंशी झाला. तीन चौकोन तेवढे लाल!"

सगळ्या वस्तीवर ढग, आणि नेमके तीन चौकोन मोकळे? जिना उतरताना काकांना ते खोटं वाटायला लागलं. खोटं बोलणारा माणूस असाच एखादा बारकावा उगाच घालतो, हे त्यांनी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

३

फवारणीचा मुकादम आवारात पंप धुवून घेत होता. माणूस तोंडाचा फाटका, पण कामाला चोख.

"ढग?" तो खो खो हसला. "काका, एवढ्या दिवसांत ढगाचं नखही दिसलं नाही. घामानं आमच्या गणवेशाला मीठ फुटलंय, आणि तुम्ही ढग विचारता!"

"पुरावा आहे?"

मुकादमानं हात पुसले आणि गाडीतून एक जाडजूड वही आणली. वारा असला किंवा पावसाचं लक्षण असलं तर औषध मारायचं नाही, असा नियम. म्हणून रोज सकाळी दहा वाजता हवा बघून तो एक ओळ लिहायचा आणि खाली सही ठोकायचा. काकांनी पानं उलटली. उपग्रह ज्या ज्या दिवशी वरून गेला, त्या तारखा त्यांनी नकाशावालीकडून लिहून आणल्या होत्या. एकेका तारखेवर बोट ठेवत ते पुढं गेले. निरभ्र. निरभ्र. वारा मंद, निरभ्र. सोळा तारखा, आणि सोळाही निरभ्र.

"मागाहून तर लिहिलं नाहीस ना?" काकांनी विचारलं.

मुकादमाचा चेहरा पडला. "काका, तुम्ही असं म्हणावं?"

"म्हणायलाच लागतं बाबा. मुलगी गेलीय."

तेव्हा मुकादमानं त्यांना वही नीट दाखवली. शाई रोजची वेगळी होती, एका पानावर चहा सांडला होता, एका दिवशी त्याच्या माणसाला साप चावला तेही लिहिलं होतं. वही खरी होती. एवढी बिनकामाची माहिती खोट्या वहीत कुणी लिहीत नाही.

"वस्तीत तू एकदाही गेला नाहीस?"

"गेलो की. पाच आठवड्यांपूर्वी. यादीत तीन चौकोन होते, तिन्ही एकाच घराचे. टोकाला ती मावशी राहते ना, कौलारू घरवाली, तिचं घर आणि अंगण. तेवढं मारलं आणि परत आलो. एकदा मारलेला चौकोन दोन महिने परत यादीत येत नाही. शेजारी ओरडत होते, आमच्याकडे का नाही, आमची पोरं माणसं नाहीत का. मी काय करू? यादीत नाही तिथं एक थेंब मारता येत नाही, औषध मापून मिळतं." मुकादमानं आवाज खाली आणला. "लोक म्हणतात मावशीची वरपर्यंत ओळख आहे. कुणीतरी तिच्यासाठी तेवढे तीन चौकोन लाल करून घेतले असतील."

आता काकांपुढं दोनच गोष्टी उरल्या. एक तर आकाश खोटं बोलत होतं, नाहीतर ती खुर्ची रिकामी करून देणारी पोर.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आधीच काका वस्तीत पोचले. "चुनेकाका आले, चुनेकाका आले," म्हणत दोनचार जण पुढं झाले. पूर्वी यायचे तसे दहा-वीस नव्हते. अर्ध्या घरांत कुणी ना कुणी आजारी होतं.

घरांच्या मागच्या अरुंद बोळात काका वाकून चालले. कुठंतरी नळाची वाहिनी तडकली होती, आणि बोळभर घोट्याएवढं पाणी साचून शेवाळलं होतं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "केव्हापासून?" असं विचारल्यावर एक बाई म्हणाली, "झाले की सात आठवडे. तक्रार केली, पण येतंय कोण?" पुढं तेच पाणी वाहत वाहत मावशीच्या अंगणात उतरलं होतं.

मावशी दारातच उभी होती. सत्तरीची, सडपातळ, कपाळावर आठी.

"या. तुम्हीपण विचारायला आलात ना, माझी कुणाशी ओळख आहे म्हणून?"

"आहे का?"

"माझी? चाळीस वर्षं राहतेय इथं, आणि ती गाडी आली त्या दिवसापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. पलीकडची परवा पाणी भरताना म्हणाली, तुमचं काय बाई, तुम्ही वरच्या लोकांतल्या. वरच्या लोकांतली असते तर या तीन खोल्यांत एकटीच भिंतीशी बोलत बसले असते होय?" तिचे डोळे भरले आणि तिला त्याचाच राग आला. "आणि हो, तुमचा चुना मी लावू दिला नाही म्हणून राग धरू नका. नवऱ्यानं स्वतः चढून घातलीत ती कौलं. मला लालच बरी वाटतात."

काकांनी राग धरला नव्हता. सातशे छपरांत एक नाही म्हणालं, तर त्यात काय एवढं?

तिथून ते शिंप्याकडे गेले. खोलीत दोन शिलाई यंत्रं होती. एकावर शिंपी बसला होता, दुसऱ्यावर चादर घातलेली. काकांना बघून तो उठला नाही.

"ती दुसऱ्यावर बसायची," तो म्हणाला. "काजं करायची. माझ्यापेक्षा हात साफ होता तिचा."

काका जमिनीवरच बसले.

"तुम्ही चौकशीला आलात ना?" शिंपी म्हणाला. "मग माझं एक काम करा. हे कुणी केलं ते कळलं की मला सांगा. कागद पाठवू नका. डॉक्टरीणबाईंना कागद पाठवले तुमच्या लोकांनी, तीन. तुम्ही स्वतः या, आणि माझ्यासमोर बसून त्या माणसाचं नाव घ्या. घ्याल?"

"घेईन," काका म्हणाले. "शब्द देतो."

सवा दहा झाले होते. त्यांना सुचलं, की उपग्रह बघतो त्याच वेळी आपणही वरून एकदा बघावं. शिंप्याला विचारून ते मागच्या शिडीनं छपरावर चढले.

वर पाऊल टाकताच त्यांचे डोळे मिटले. ऊन छपरांवर आपटून परत वर येत होतं. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पाहिलं, तर टाकीपासून पार टोकापर्यंत सगळं पांढरंशुभ्र होतं, आणि मधल्या बोळांच्या नुसत्या काळ्या रेघा. पत्र्याला हात लावून पाहिला. एरवी फोड आला असता, पण पत्रा गार होता. काकांना क्षणभर बरं वाटलं. बायको अशा छपराखाली असती तर, हा रोजचा विचार मनात आला.

आणि मग तो विचार अर्ध्यातच थांबला.

लख्ख उजळ. आजूबाजूपेक्षा गार.

त्यांनी टोकाकडे पाहिलं. तिथं, एवढ्या पांढऱ्यात एकच छप्पर लाल होतं. मावशीचं.

खिशातून फोन काढून त्यांनी नकाशावालीला लावला. "पोरी, मला एकच तारीख सांग. वस्तीचा शेवटचा खरा आकडा, पहिला बारा, तो कुठल्या तारखेचा?"

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "तेरा तारखेचा, सर. अठरापासून ढग सुरू."

तेरा. आणि चौदाला त्यांनी पहिला कुंचला फिरवला होता.

"सर? काही सापडलं का?"

"सापडलं," काका म्हणाले, आणि त्या गार पत्र्यावर बसले.

५

शुक्रवारी सकाळी चित्र आलं. नकाशावाली ते छापून घेऊन खाली काकांच्या टेबलाशी आली. ती पहिल्यांदाच खाली येत होती, दोनदा वाट चुकली.

"सर, हा ढग नाही," ती धापा टाकत म्हणाली. "ढगाला अशा सरळ कडा नसतात. ही छपरं आहेत. कुणीतरी सगळी छपरं पांढरी केलीत! कुणी केलीत हो?"

तिला खरंच माहीत नव्हतं. सातशे छपरं चार दिवसांत पांढरी झाली, फोटो आले, भाषणं झाली, खाली सगळ्यांना पेढे वाटून झाले, आणि वरच्या मजल्यावर एवढंसं पोचलं नाही.

आदल्या संध्याकाळी घरी त्यांनी दोन पानं लिहिली होती. आधी एक आवृत्ती लिहिली : यंत्राचा दोष, मुख्य केंद्राची चाळणी, कुणा व्यक्तीवर ठपका नाही. ती खोटीही नव्हती. पोरीची नोकरी वाचत होती, साहेब खूश झाले असते, आणि चुना राहिला असता. त्यांनी ती दोनदा वाचली. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं वाचली. मग फाडून टाकली आणि दुसरी लिहिली.

समितीत पाच जण होते. साहेब म्हणाले, "काका, थोडक्यात सांगा. आकडा कुणी ठोकला?"

"कुणीच नाही. आकडा खरा होता, फक्त शिळा होता." काकांनी चित्र टेबलावर पसरलं. "मुकादमाची वही सांगते, आकाश स्वच्छ होतं. यंत्र सांगतं, ढग होता. दोघंही खरं बोलत होते, म्हणून मला चार दिवस लागले. यंत्राच्या लेखी जे उजळ आणि गार ते ढग. बोळ इतके अरुंद की प्रत्येक चौकोनात अर्धंअधिक छप्परच येतं, त्यामुळे बोळातलं पाणीही त्या ढगाखाली गेलं. ढगातले तीन चौकोन तेवढे मोकळे राहिले. का? तर त्या मावशीनं चुना लावू दिला नाही. तिची कुणाशी ओळखबिळख नाही. तिची कौलं लाल आहेत, एवढाच तिचा गुन्हा. ढग सुरू झाला तो तेरा आणि अठराच्या मधे. छपरं झाली चौदा ते सतराला."

साहेबांनी चित्र जवळ ओढलं.

"म्हणजे दोष यंत्राचा," साहेब हुश्श करून म्हणाले.

"यंत्राला आपण काही सांगितलंच नाही, साहेब. छपरं पांढरी करायचा हुकूम मी लिहिला. त्याची प्रत अकरा ठिकाणी पाठवली. नकाशाच्या खोलीला पाठवली नाही. का, तर तिथं कुणी बसतं हे मला ठाऊकच नव्हतं. चौतीस वर्षांत मी तो जिना चढलो नाही. एक कागद वर गेला असता, तर या पोरीनं एका दुपारीत चाळणी दुरुस्त करून घेतली असती. विचारा तिला."

नकाशावाली दाराशी उभी होती. तिनं रडत रडत मान हलवली.

"आणि साहेब, एक तुमच्याकडेही येतंच. एकेचाळीस आजारी माणसं डॉक्टरीणबाई डोळ्यांनी बघत होत्या, आणि आपण त्यांना नकाशा दाखवत होतो."

साहेब लाल झाले. "मग आता काय, चुना खरवडून काढायचा?"

"नाही. छपरं गार आहेत, म्हणून तर ती ढग ठरली. यंत्राला छपरं ओळखायला शिकवा. आणि गाडी आज पाठवा, यादी नसली तरी." काकांनी दोन पानं पुढं सरकवली. "खाली माझी सही आहे. जबाबदार माणसाच्या जागी जे नाव आहे, तेही माझंच."

गाडी दुपारीच गेली. नकाशावालीचं कंत्राट राहिलं. काकांना निकाल लागेपर्यंत घरी बसायचा हुकूम मिळाला, आणि खात्यातल्या ज्या लोकांनी त्यांना प्रेमानं नाव ठेवलं होतं, ते त्यांना बघून कागदात डोकं घालू लागले.

६

त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला काका शिंप्याकडे गेले. वाटेत त्यांना तीनदा परत फिरावंसं वाटलं. वस्तीत औषधाचा वास भरला होता.

शिंपी एका कुर्त्याची बाही लावत होता. काका त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"नाव घ्यायला आलोय," ते म्हणाले.

"घ्या."

"माझंच आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. छपरं, उपग्रह, गार पत्रा, न पाठवलेली प्रत. कुठंही 'पण' म्हटलं नाही. बायकोचं नाव तर मुळीच काढलं नाही. शिंपी यंत्र न थांबवता ऐकत होता. बाही लावून झाली, ती त्यानं उलटली, दोरा दातानं तोडला.

"ती म्हणायची," तो बोलला, "बाबा, यंदा दुपारी झोप लागते. त्या काकांचं भलं होवो."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चौतीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलेला तो माणूस पोरासारखा रडला. शिंप्यानं त्यांना रडू दिलं. पाणी विचारलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही.

"जा आता," शेवटी तो म्हणाला. "आज मला तुमचं तोंड बघवत नाही."

काका उठले. दारापाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"उद्या या मात्र."

काका वळले. शिंपी त्यांच्याकडे बघत नव्हता, कुर्त्याची घडी घालत होता.

"सगळे येतात, म्हणतात नशीब. दोन मिनिटं बसतात आणि जातात. तिचा विषय काढला की घड्याळ बघतात. तुम्हाला घड्याळ बघता येणार नाही. मी बोलेन, तुम्ही ऐकायचं. कधी शिव्याही देईन. रोज या."

दुसऱ्या दिवशी काका पाचलाच जाऊन दाराबाहेर उभे राहिले. अर्ध्या तासानं शिंप्यानं दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाला. मग त्यांना समोर बसवून तो ती जन्मली त्या दिवसापासून सांगायला लागला.